द्यायला काढलेला कोट

मी एक जुना कोट आहे. गडद निळा, आत पिसं भरलेला, मागे टोपी असलेला, बर्फाच्या दिवसांत घालायचा जाडजूड कोट. माझ्या उजव्या बाहीवर मोटारीच्या तेलाचा एक डाग आहे, तो आता जायचा नाही. मित्रांनो, म्हातारे लोक आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. मी तुम्हाला माझ्या लाजेची गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला मला दोन वर्षं लागली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणत्या देशात, ते मानेजवळच्या पट्टीवर छापलेलं होतं. पण ती पट्टी टोचते म्हणून माझ्या मालकाने पहिल्याच आठवड्यात कापून टाकली. त्यामुळे मला माझं गाव ठाऊक नाही. मला आठवतं ते मिशिगनमधल्या नोव्हाय गावातलं दुकान. साल होतं २००१, थंडीला नुकती सुरुवात झाली होती. नागपूरहून आलेला एक तरुण इंजिनियर पातळ स्वेटर घालून, हात काखेत दाबून कोटांच्या रांगेपुढे उभा होता. त्याचं नाव बुद्धभूषण. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो सीट डिझाइन करायचा. त्याने मला अंगात घातलं, चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि आरशात पाहून तो हसला. त्या हसण्याने मी भलताच फुशारून गेलो.

पहिला बर्फ पडला तेव्हा त्याने मला घालून गाडीजवळ फोटो काढला आणि नागपूरला वडिलांकडे पाठवला. त्याची मुलगी उपासना तेव्हा चार वर्षांची होती. टपाल आणायला जाताना तो तिला माझ्या आत घ्यायचा आणि चेन लावायचा. बाहेर फक्त दोन डोकी दिसायची, एक मोठं आणि एक लहान. माझ्या उमेदीच्या काळातलं मला सर्वांत आवडलेलं काम तेच.

चौथ्या हिवाळ्यात घाईघाईत गाडीचं दार लावताना माझी चेन दारात सापडली. बुद्धभूषणने हिसका मारून ती सोडवली. चेनचे चार दात तुटले. "नंतर बघू," तो म्हणाला. आठवडाभरात त्याच्यासाठी सेलमधून दुसरा कोट आला. मी गॅरेजमधल्या खिळ्यावर गेलो. पुढे गाडीचं ऑइल बदलताना तो मला खाली अंथरून माझ्यावर पाठ टेकू लागला. डाग तेव्हाचा. मित्रांनो, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. खिळ्यावर नुसतं लोंबकळण्यापेक्षा ते बरं होतं.

२००६ साली बुद्धभूषणचे वडील दादाराव सहा महिन्यांसाठी नोव्हायला आले. नागपुरात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी शर्ट-पँट शिवल्या. आता त्यांचे हात थरथरत, सुईत दोरा ओवता येत नसे. पण कुणी शर्ट घालून समोर आलं, की त्यांची नजर आधी शिलाईवर जायची.

त्याच वर्षी उपासनाच्या शाळेत बाईंनी सांगितलं, की डेट्रॉइटमध्ये पुष्कळ लोकांकडे हिवाळ्यासाठी कोट नाहीत. ज्यांच्या घरी जास्तीचा असेल त्यांनी आणावा. बाकीच्या मुलांनी घरून एकेक कोट नेला. उपासना नऊ वर्षांची होती. तिने वर्गात जाहीर केलं, की मी पन्नास आणीन.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला आसपासच्या गावांतली सगळी मंडळी एका हॉलमध्ये जमली होती. भाषणं संपली तशी उपासना सरळ माइकपाशी गेली. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. तिने तो वाकवला आणि म्हणाली, "जय भीम. मला फिफ्टी कोट्स पाहिजेत. तुमच्या क्लॉझेटमध्ये आहेत, मला माहितीये. एव्हरी कोट विल बी वॉर्म. आय प्रॉमिस."

हॉल हसला. बुद्धभूषणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरी परतल्यावर गॅरेजमध्ये गाडीतून उतरता उतरता तो तिला म्हणाला, "बेटा, एवढं मोठं बोलायचं नसतं सगळ्यांसमोर. नाही जमलं तर?"

"जमेल ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात बढाई नव्हती. पाणी वरून खाली वाहतं हे सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

आणि खरंच, जे हसले होते त्यांनीच घरी जाऊन कपाटं उघडली. रोज कुणी ना कुणी पिशवी घेऊन दारात उभं राहायचं. उपासना प्रत्येक कोटावर देणाऱ्याच्या नावाचा स्टिकर लावायची, कारण तिला सगळ्यांना थँक्यू कार्ड लिहायचं होतं. सगळे कोट गॅरेजमध्ये साठत गेले. खिळ्यावरून मी ते बघत होतो. मला आशा वाटायला लागली होती, ते कशाला लपवू?

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी संध्याकाळी एकोणपन्नास कोट झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेट्रॉइटला न्यायचे होते. बुद्धभूषण गॅरेजमध्ये पिशव्या भरत होता. मोजून झाल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची नजर माझ्यावर आली.

त्याने मला खाली काढलं, झटकलं, चेन ओढून पाहिली. ती वर गेली आणि मागून उघडत गेली.

शैलजा, त्याची बायको, दारात उभी होती. "अहो, त्याची चेन तुटलीये ना?"

"चालतं गं. पन्नास तर झाले. पोरगी खूश होईल." मग तो अर्धवट स्वतःशी म्हणाला, "फुकट तर मिळतोय त्यांना. चेन कोण बघतंय?"

त्याने माझी घडी घातली. तुटलेली चेन आतल्या बाजूला येईल अशी घातली. मला आधी वाटलं होतं, माझं भाग्य उघडलं. घडी पडताना कळलं, की आपल्याला काहीतरी झाकायला लावलं आहे. स्टिकर त्याने लावला नाही. माझ्या मापाचा, माझ्याएवढा गरम दुसरा कोट त्या ढिगात नव्हता, म्हणून मी सगळ्यांत वर गेलो.

शनिवारी सकाळी आम्ही डेट्रॉइटमधल्या एका चर्चच्या तळघरात पोहोचलो. तिथलं सगळं काम मिसेस कोवाल्स्की नावाच्या एक वयस्क बाई पाहत. लांब टेबलं मांडली होती, कॉफीचा वास येत होता, लोक जिन्यावरून शिस्तीत खाली येत होते. उपासना टेबलामागे स्टुलावर चढून उभी राहिली आणि प्रत्येकाला "हॅलो सर", "हॅलो मॅम" म्हणत कोट देऊ लागली. बुद्धभूषण शेजारी पिशव्या रिकाम्या करत होता.

एक उंच म्हातारा माणूस आला. अंगात एकावर एक दोन जुने शर्ट. उपासनाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मला उचललं. "हा सगळ्यांत गरम आहे, सर. आय प्रॉमिस."

त्याने मला अंगात घातलं. खांद्याला मी बरोबर बसलो, बाह्या मनगटापर्यंत आल्या. त्याने माझ्यावरून तळवा फिरवला आणि तो हसला. मग वाकून चेन जुळवली आणि वर ओढली. ती छातीपर्यंत गेली, आणि खालून उघडत आली. त्याने पुन्हा जुळवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने फार हळू ओढली, जणू घाई केल्यामुळेच चूक होत होती. मी जीव तोडून दात धरून ठेवले. पण चार दात नव्हतेच, तिथे मी काय करणार?

त्याच्या मागे रांग उभी होती. त्याने एकदा मागे पाहिलं. मग मला काढलं, टेबलावर ठेवून नीट घडी घातली, आदल्या दिवशी घातली होती त्यापेक्षा कितीतरी नीट, आणि उपासनाला म्हणाला, "थँक यू, यंग लेडी. मी ठीक आहे."

"थांबा! दुसरा देते," उपासना म्हणाली. तिने ढीग उपसला, पण त्याच्या मापाचा कोट उरला नव्हता. ती मान वर करते तोवर तो जिना चढून गेला होता. वरचं दार उघडलं तेव्हा थंड वाऱ्याचा झोत खाली टेबलापर्यंत आला.

उपासनाने मला उलटसुलट करून पाहिलं. लहानपणचा मी तिच्या ध्यानात राहिलो नव्हतो. "ह्याच्यावर स्टिकरच नाहीये. पप्पा, हा कोणी दिला?"

बुद्धभूषणच्या हातात रिकामी पिशवी होती. तो तिची घडी घालू लागला. "माहीत नाही, बेटा."

"तुटलेला कोट कोण देतं?" तिने मोठ्याने विचारलं. तळघरातल्या चारपाच जणांनी वळून पाहिलं. "मी त्यांना प्रॉमिस केलं होतं!"

मित्रांनो, माझी चेन तुटली तो अपघात होता. पण त्या क्षणी बुद्धभूषण जे बोलला, त्याला अपघात म्हणता येत नाही. मी त्या टेबलावर पडून होतो आणि मला वाटत होतं, की कुणीतरी माझ्यावर दुसरं काहीतरी टाकावं, मला झाकावं.

मिसेस कोवाल्स्कींनी उपासनाच्या पाठीवर हात ठेवला. "दर वर्षी होतं गं. लोक काहीही देतात. अर्धं आम्हाला टाकूनच द्यावं लागतं."

उपासनाने उरलेले कोट तपासले. एकोणीस होते, त्यातले अकरा कुठे ना कुठे बिघडलेले निघाले. कुणाची चेन तुटलेली, कुणाची बटनं गेलेली, कुणाचं अस्तर फाटून पिसं बाहेर आलेली.

"टाकू नका," ती म्हणाली. "मी दुरुस्त करीन. नेक्स्ट सॅटर्डेला घेऊन येते."

"तुला शिवता येतं?"

"नाही. पण माझे आजोबा टेलर आहेत."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. गाडीत बुद्धभूषण म्हणाला, "आजोबांचे हात थरथरतात, तुला माहितीये ना?"

"माझे नाही थरथरत," उपासना म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी तिने अकरा कोट सोफ्यावर ओतले आणि आजोबांना सगळं सांगितलं. दादारावांनी एकेक कोट उचलून पाहायला सुरुवात केली. मी हातात आल्यावर त्यांनी माझी टोपी उलटून पाहिली, खिसे पाहिले, मग मुलाकडे पाहिलं. "उपासना, आईकडून मोठी कात्री आण बरं," ते म्हणाले. ती गेली.

"हा तुझा आहे," दादाराव म्हणाले. "फोटो दुकानात लावला होता मी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, माझा पोरगा बघा, अमेरिकेत कसा दिसतो."

बुद्धभूषणने माझ्या बाहीवरचा डाग अंगठ्याने चोळला.

"एक गोष्ट सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा दिवाळी झाली, की गावातल्या एका मोठ्या घरातून आमच्या वस्तीत जुने सदरे यायचे. हातात देत नव्हते, लांबून टाकायचे. आणि टाकायच्या आधी बटनं कापून घ्यायचे. बटनं पुन्हा कामाला येतात ना. मी बाभळीचे काटे टोचून सदरा बंद करायचो. शाळेत पळताना काटा छातीत घुसायचा. पोरं हसायची. शिवणकाम शिकलो ते त्याच्यासाठी. पहिल्यांदा सुई धरली ती बटन लावायला."

"बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"लाज वाटायची. लाज त्यांना वाटायला पाहिजे होती. पण वाटायची मला."

मी त्यांच्या मांडीवर होतो. त्यांच्या हाताची थरथर माझ्या पिसांपर्यंत पोहोचत होती. तो उंच माणूस जिना चढताना कुणाच्या वाटची लाज घेऊन गेला, ते मला तेव्हा कळलं.

उपासना कात्री घेऊन आली. बुद्धभूषण तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला, म्हणजे तिच्याहून बुटका झाला. "बेटा, तो निळा कोट मी दिला होता. चेन तुटलीये हे मला माहीत होतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "पण तुम्ही म्हणाले, माहीत नाही."

"खोटं बोललो."

"व्हाय?"

"तुझ्यासमोर लाज वाटली."

तिचे डोळे भरून आले. ती रागावून आत निघून जाईल असं मला वाटलं. गेलीही. दहा मिनिटांनी परत आली ती नाक पुसत. तिने कात्री वडिलांच्या हातात दिली. "तुम्ही उसवा. जुनी चेन काढायला टाइम लागतो. आजोबा म्हणाले."

मग तो आठवडा सुरू झाला. शाळा सुटली, की उपासना सुई घेऊन बसायची. दादाराव शेजारी बसून सांगायचे, "टाका लहान. अजून लहान. मागे जा, मग पुढे." तिच्या बोटांना सुई टोचायची. माझ्या नव्या चेनची पहिली शिलाई नागमोडी झाली. ती म्हणाली, "चालेल ना?" दादाराव म्हणाले, "तुला घालायचा असता तर चाललं असतं का?" तिने ओठ चावले आणि सगळं उसवलं. दुसऱ्यांदाही उसवलं. तिसऱ्यांदा ती रडली, पण रडता रडता शिवत राहिली. आपल्याला हे येणार नाही, हा विचार तिच्या डोक्यातच नव्हता. अजून आलं नाही, एवढंच ती मानायची.

आणि मध्येच तिने एक काम केलं, ते ऐकून शैलजाने कपाळाला हात लावला. तिने स्टिकर बघून फोन लावले. "प्रताप काका, जय भीम. तुमच्या कोटाची तीन बटनं नाहीयेत. तुम्हाला माहीत होतं का?" तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच उत्तर हवं होतं. एवढ्याशा मुलीला 'माहीत नव्हतं' सांगणं कुणालाच जमेना.

बुधवारी प्रताप काका आले. हातात नवाकोरा कोट, लेबलसुद्धा तसंच. "सेलमध्ये घेतला होता, घातलाच नाही," ते म्हणाले. डोळ्याला डोळा देत नव्हते. गुरुवारी अहिल्या काकू शिलाई मशीन गाडीत घालून घेऊन आल्या आणि फाटक्या अस्तरांना बसल्या. आणखी दोन घरांतून कोट आले, धुतलेले, इस्त्री केलेले. शुक्रवारी त्या दिवाणखान्यात सात मोठी माणसं खाली मान घालून टाके घालत होती, आणि एक नऊ वर्षांची मुलगी त्यांची शिलाई तपासत फिरत होती. उठून कुणी जात नव्हतं.

शनिवारी तळघरात उपासनाने मला टेबलावर ठेवलं नाही. एका खुर्चीच्या पाठीवर अडकवलं. "हा त्यांचा आहे," ती म्हणाली. दर वेळी जिन्यावर पाय वाजले, की ती वर बघायची. तो माणूस आला नाही. मिसेस कोवाल्स्कींना त्याचं नावही माहीत नव्हतं. बुद्धभूषण गाडी घेऊन आसपासच्या रस्त्यांवर तासभर शोधून आला. जिन्यावरून तो एकटाच खाली उतरला आणि त्याने मान हलवली.

बंद करायची वेळ झाली तेव्हा एक धिप्पाड बाई धापा टाकत आली. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात भांडी धुते, कामावरून थेट आले, म्हणाली. टेबलावर तिच्या मापाचं काही नव्हतं. तिने खुर्चीकडे पाहिलं.

उपासना खुर्चीला धरून उभी राहिली. मी कुणाचा, हा प्रश्न होता, आणि तो मोठ्यांपैकी कुणीच तिच्यासाठी सोडवला नाही. बराच वेळ गेला. मग तिने मला उतरवलं. "आधी चेन लावून बघा," ती म्हणाली. "प्लीज."

बाईने चेन लावली. ती हनुवटीपर्यंत गेली आणि तिथेच राहिली.

"हा माझा कोट होता," बुद्धभूषण अचानक म्हणाला. "बाहीवर डाग आहे. आय ॲम सॉरी."

"डाग?" बाई हसली. "अरे बाबा, माझी सगळी नोकरीच डागांची आहे."

तेव्हापासून मी तिच्या अंगावर आहे. पहाटे बस यायच्या आधी ती थांब्यावर उभी असते आणि मी तिला ऊब देतो. माझी पिसं आता बसली आहेत, पण चेन अजून पक्की आहे. मी सुखी आहे असं मला म्हणता आलं असतं. पण एक माणूस त्या शनिवारी माझ्यामुळे दोन शर्टांवर थंडीत परत गेला, आणि त्याला मी पुन्हा कधी भेटलो नाही. ती लाज काही दुरुस्त झाली नाही. ती तशीच राहावी असंच आता मला वाटतं.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुम्हाला जग सुधारता येतं असं तुम्हाला वाटतं, आणि तुम्ही तसं बोलून दाखवलंत, की मोठी माणसं आधी हसतात आणि मग द्यायला लागतात. म्हणून माझं मागणं तुमच्याकडेच आहे. घरात कुणी काही द्यायला काढलं, तर ते आधी त्यांना अंगात घालायला सांगा. चेन लावायला, बटनं लावायला सांगा. मग त्यांचा हात धरून त्यांना अंगणात न्या, थंडी असेल तर थंडीत, आणि पाच मिनिटं तिथे उभं करा. त्यांना ऊब वाटली, तर ती वस्तू देण्याजोगी आहे.